वर्मूथ शोकेसमध्ये ठेवू नका

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मॅनहटन या कॉकटेलचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सांगली-साताऱ्याकडून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देतो आहे. राय या धान्याची व्हिस्की, गोड लाल वर्मूथ आणि बिटर्स (मद्यार्कात उतरवलेला कडू, सुगंधी अर्क), एवढ्याच तीन गोष्टींचं हे पेय. लपायला जागा नसते, त्यामुळे एक बाटली जरी खराब निघाली तरी पहिल्या घोटाला कळतं.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझे मेहुणे अमेरिकेहून येताना राय व्हिस्की घेऊन आले. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असं छापलं आहे. म्हटलं, त्यांच्यासाठी घरीच मॅनहटन करू. लाल वर्मूथ होतीच, गेल्या दिवाळीत उघडलेली, शोकेसमध्ये बूच घट्ट लावून ठेवलेली. ६० मिली व्हिस्की, ३० मिली वर्मूथ, बिटर्सचे दोन थेंब, सगळं मापात घेतलं. तरी पेय आंबूस आणि बेचव लागलं. मेहुण्यांचं म्हणणं, व्हिस्की फार कडक आहे, साधी आणायला हवी होती. पुढच्या वेळी कोणती राय आणि कोणती वर्मूथ घ्यावी?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मेहुण्यांना सांगा, बाटली अगदी योग्य आणलीत. खराब झाली आहे ती वर्मूथ, आणि ती शोकेसमध्ये खराब झाली.

वर्मूथ ही वाईन आहे. युरोपातल्या नियमाप्रमाणे तिच्यात किमान ७५ टक्के वाईन असावी लागते. त्यात वनस्पतींचे अर्क, साखर आणि थोडा मद्यार्क घालतात, म्हणून ती साध्या वाईनपेक्षा चार दिवस जास्त टिकते, इतकंच. तिची ताकद, म्हणजे मद्यार्काचं प्रमाण, साधारण १५ ते १८ टक्के. व्हिस्कीची बाटली उघडून वर्षभर कपाटात राहिली तरी तिचं फारसं बिघडत नाही. वर्मूथला ही सवलत नाही. हवा लागली की आधी वास मंदावतो, मग मागून आंबटपणा वर येतो. त्यात चैत्र-वैशाखात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि शोकेसच्या काचेवर दुपारचं ऊन. दिवाळीत उघडलेली बाटली त्यात कशी तगणार?

आपण द्राक्षांच्या जिल्ह्यातली माणसं. बेदाण्याचा रंग उतरू नये म्हणून तो कोल्ड स्टोरेजला भाडं भरून ठेवतो. वर्मूथलाही तीच माया लागते. बाटली उघडली की सरळ फ्रीजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. घरात पिणारं माणूस एकच असेल तर लहान बाटली मिळते का ते आधी विचारा. मोठीच मिळाली तर उघडल्या दिवशीच अर्धी एका स्वच्छ छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण लावा. आत हवा उरत नाही आणि तो अर्धा भाग पुष्कळ दिवस ताजा राहतो. शंका आली तर थोडी थंडगार वर्मूथ नुसतीच चाखून बघा. नुसती प्यायला नको वाटली तर ती मॅनहटनमध्ये घालू नका, स्वयंपाकात वापरा.

तिच्यातला कडवटपणा कुठून येतो तेही सांगतो. चैत्रात आपण जोतिबाला दवणा वाहतो ना, त्या दवण्याच्याच वंशातली एक कडू वनस्पती युरोपात होते, वर्मवूड. तिच्याशिवाय वर्मूथ होत नाही. आणि लाल वर्मूथ लाल द्राक्षांची असते असं पुष्कळांना वाटतं, पण बहुतेक कंपन्या पांढऱ्या वाईनपासूनच ती करतात. रंग येतो तो मुख्यतः जाळलेल्या साखरेचा.

आता निवड. इटलीतलं तुरीन हे गोड वर्मूथचं माहेर; अंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यांनी १७८६ साली तिथे ती विकायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या नावाने आज मिळणारी ‘कार्पानो अँटिका फॉर्म्युला’ दाट असते, व्हॅनिलाच्या अंगाने जाणारी. तुमच्या ५० टक्क्यांच्या रायपुढे ती ठामपणे उभी राहील. ‘कोकी वर्मूथ दी तोरिनो’ही याच धाटणीची, पण कोकोकडे झुकणारी आणि थोडी कडवट. माझा हात आधी तिच्याकडे जातो. ‘पुंत ए मेस’ बरीच कडू आहे. ती घेतलीत तर बिटर्सचा एकच झटका द्या. फ्रान्समधल्या शाँबेरीची ‘दोलाँ’ नाजूक आहे, कडक रायखाली ती दबून जाते, तिच्यासाठी ४० टक्क्यांची मवाळ व्हिस्की बरी. आपल्याकडे सगळ्यात सहज हाती लागते ती ‘मार्टिनी रोसो’. तिला नावं ठेवणारे भेटतील. मी ठेवत नाही. ताजी उघडलेली मार्टिनी रोसो ही सहा महिने उघडी राहिलेल्या महागड्या वर्मूथपेक्षा कधीही सरस.

रायचं बघू. हे गव्हाच्या कुळातलं धान्य, चवीला कोरडं, मिऱ्याचा झटका असलेलं. अमेरिकेच्या कायद्यानुसार राय व्हिस्की म्हणायला मिश्रणात किमान ५१ टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरवावी लागते. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ सालच्या कायद्यातला आहे. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेला आणि बरोबर ५० टक्के ताकदीने भरलेला. ‘रिटनहाउस’ ही यातली प्रसिद्ध बाटली. तिच्यात राय कायद्याच्या किमान मर्यादेच्या आसपास, बाकी बराचसा मका, त्यामुळे तिखटपणाबरोबर गोलावाही आहे. ‘बुलिट राय’मध्ये ९५ टक्के राय आणि ताकद ४५ टक्के, ती जास्त कोरडी, थोडी पुदिन्याच्या अंगाची. मॅनहटन थोडं गोडच आवडत असेल तर रिटनहाउस, कोरडं आवडत असेल तर बुलिट. ‘वाइल्ड टर्की १०१ राय’ मिळाली तर सोडू नका.

कडकपणाबद्दल मेहुण्यांची शंका रास्त आहे, म्हणून हिशोबच मांडतो. ५० टक्क्यांची ६० मिली राय आणि १६ टक्क्यांची ३० मिली वर्मूथ, एकूण ९० मिली, ताकद ३८-३९ टक्के. बर्फात अर्धा मिनिट ढवळताना साधारण २५ मिली पाणी सुटतं आणि ग्लासात येतं ते ३० टक्क्यांचं पेय. हेच ४० टक्क्यांच्या व्हिस्कीने केलंत तर २५ टक्क्यांवर येतं. तेव्हा वर्मूथची साखर वर येते, राय मागे पडते आणि घोट संपल्यावर जिभेवर काही उरत नाही. ही कडक बाटली पाण्याची आणि साखरेची वाट बघूनच भरलेली असते.

आणखी एक. तुम्ही बिटर्सचे दोन थेंब घातलेत. पाहिजेत दोन झटके. बाटली उलटी करून मनगटाला एक हिसका दिला की जे पडतं तो एक झटका, त्यात कितीतरी थेंब असतात. दोन थेंबांनी ९० मिलीत काहीच होत नाही. आणि बर्फ ताजा घ्या. लसणाच्या चटणीशेजारी आठवडाभर राहिलेल्या बर्फाचा वास थेट पेयात उतरतो. हलवू नका, लांब चमच्याने ढवळा. शेकरमध्ये हलवलं की पेय गढूळ होतं आणि तोंडात फेस येतो.

प्रश्न : राय इकडे मिळतच नाही. रोजची आपली देशी व्हिस्की चालेल का? की गोव्याहून काही आणावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी गोव्याचं. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि आंबोलीच्या वाटेवर उत्पादन शुल्कची माणसं गाडी उघडून बघतात. त्या वाटेला जाऊ नका. परदेशातून येणारं माणूस दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणू शकतं. राय मिळवण्याचा सरळ रस्ता तो. घरी पिण्यासाठीही आपल्या राज्यात परवाना लागतो आणि वयाची अट २५ आहे, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

देशी व्हिस्कीचं उत्तर नाही असं आहे. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांत मोठा भाग मळीच्या किंवा धान्याच्या तटस्थ मद्यार्काचा असतो, त्यात थोडी माल्ट आणि रंग. कृष्णाकाठी राहणाऱ्याला मळीचं अर्थकारण सांगायला नको. सोडा-पाण्याबरोबर ती व्हिस्की तिचं काम करते. वर्मूथबरोबर मात्र तिच्याकडे बोलायला काही नसतं; गोडात गोड मिसळतं आणि पेय सरबताकडे जातं.

बर्बन चालेल. तिच्यात मका ५१ टक्क्यांहून कमी नसतो, म्हणून ती मुळातच गोड. २०२५च्या फेब्रुवारीत तिच्यावरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती सहज मिळते. बर्बन वापरताना वर्मूथ २० मिलीवर आणा, बिटर्सचे झटके तीन करा. स्कॉच घातलीत तर छान पेय होतं, पण त्याला रॉब रॉय म्हणतात, मॅनहटन नाही. कॅनडाच्या बाटलीवर ‘राय’ दिसलं म्हणून लगेच घेऊ नका; तिथे व्हिस्कीला सर्रास राय म्हणतात आणि आत ते धान्य किती असावं याचं बंधन नाही.

प्रश्न : हे पेय चर्चिलच्या आईने न्यूयॉर्कच्या मॅनहटन क्लबमधल्या मेजवानीत पहिल्यांदा करवून घेतलं, असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : नाही. ही मेजवानी १८७४च्या शेवटी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आलेल्या सॅम्युअल टिल्डन यांच्या विजयानिमित्त झाली असं सांगतात. ३० नोव्हेंबर १८७४ला चर्चिलचा जन्म इंग्लंडमध्ये ब्लेनहाइम पॅलेसमध्ये झाला. त्या दिवसांत आई तिथेच होती. १८८०च्या दशकात मात्र हे पेय अमेरिकन बारमध्ये चांगलंच रुळलेलं दिसतं, आणि तेव्हाच्या काही कृतींमध्ये व्हिस्कीपेक्षा वर्मूथ जास्त आहे. इटलीहून आलेली वर्मूथ ही तेव्हाची नवलाई होती, लोक तिच्यासाठी पेय मागवत. आज आपण बाटली निवडताना सगळी बुद्धी व्हिस्कीवर खर्च करतो आणि वर्मूथ ‘कोणतीही द्या’ म्हणून घेतो, याचं मला वाईट वाटतं. एकदा व्हिस्की आणि वर्मूथ सम प्रमाणात घेऊन बघा, ४५-४५ मिली. जेवणाआधी ते फार छान लागतं.

प्रश्न : बिटर्समधली अँगोस्टुरा मिळाली नाही. घरी काडेचिराईत असतं, त्याचा काढा घालू का?
— एक वाचक, विटा

उत्तर : विचार चुकीच्या दिशेचा नाही. बिटर्समधलं जेन्शन आणि आपलं काडेचिराईत एकाच कुळातलं. पण काढा पाण्यात उतरतो आणि नुसता कडू असतो. अँगोस्टुरा ४४.७ टक्के मद्यार्कात उतरवलेली असते आणि तिच्यात कडवटपणाबरोबर मसाल्यांचा सुगंध आहे. राय आणि वर्मूथ यांना जोडतो तो सुगंधच. योहान सीगर्ट या डॉक्टरने १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी ती औषध म्हणून केली, आता ती त्रिनिदादला होते. तुमच्या खानापूर तालुक्यातले गलाई (सोनं-चांदी गाळणारे) व्यावसायिक देशभर पसरले आहेत. दिल्ली-कोलकात्याहून दिवाळीला घरी येणाऱ्या कुणाला एक बाटली आणायला सांगा. फ्रीज लागत नाही आणि वर्षानुवर्षं पुरते.

प्रश्न : वर घालायची चेरी कोणती? बेकरीतली लाल चालेल?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बेकरीतली ती लाल चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं, पाकात मुरवून रंगवलेलं. पाटण-जावळीच्या डोंगरातलं पिकलेलं करवंद मला जीव की प्राण, पण हे रंगवलेलं ग्लासात टाकलं की पाक सुटतो आणि पेय गुलाबी, गुळचट होतं. इटलीच्या लुक्सार्दोच्या मरास्का चेरी मिळाल्या तर त्या घ्या, गर्द काळपट आणि दाट पाकातल्या.

नाहीतर तुम्ही तासगावात आहात. काळा बेदाणा घ्या, जाड दाण्याचा. बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, म्हणून कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करा. काचेच्या बरणीत घालून ते बुडतील एवढी राय आणि वर्मूथ निम्मी-निम्मी ओता, एक लवंग टाका, बरणी फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी दाणे टच्च फुगतात. लवंग तेव्हा काढून टाका, नाहीतर तिचाच वास राहतो. काडीला तीन दाणे टोचून ग्लासात सोडा. संत्र्याची साल पिळायची असेल तर नागपुरी संत्र्याऐवजी माल्टा घ्या. साल घट्ट असते आणि पांढरा भाग न येता पातळ सोलता येते. उरलेला बरणीतला रस फेकू नका, पुढच्या मॅनहटनमध्ये चमचाभर घाला आणि तेवढी वर्मूथ कमी करा.