बाग मोठ्याला, मग बाकीच्यांना काय?

प्रश्न : मी 71 वर्षांचा, नाशिकला इंदिरानगरात राहतो. नावावर टू बीएचके फ्लॅट, थोड्या एफडी आणि दिंडोरीकडे वडिलांकडून आलेली तीन एकर द्राक्षबाग. बाग मोठा मुलगा करतो, शेतीसाठी घेतलेलं सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर पण फेडतो तोच. धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी सिन्नरला दिली. मोठा म्हणतो बाग माझी, धाकटा म्हणतो सगळ्याचे तीन सारखे भाग करा, आणि बहिणीच्या लग्नात एवढा खर्च झाला तर तिला परत कशाला असं दोघंही म्हणतात. मृत्युपत्र कसं करू?

उत्तर : काका, एवढं मोठं पत्र लिहिलंत पण काकू त्यात कुठेच नाहीत! त्या असतील तर पहिली ओळ त्यांच्यासाठी लिहा, फ्लॅट त्यांच्या हयातीत त्यांचाच आणि नंतर कोणाचा ते स्पष्ट, नाहीतर म्हातारपणी चार महिने पुण्याला चार महिने बागेवर अशी त्यांचीच वाटणी होते.

मग जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे आली त्याच्या नोंदी, काढा. जमीन तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेली आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसाने तुमच्याकडे आलेली असेल तर ती साधारण तुमची स्वतःचीच धरतात, कोणाला किती हे तुम्ही ठरवू शकता. पण त्याआधीपासून वडिलोपार्जित चालत आलेली असेल तर मृत्युपत्र फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं, आणि त्यात मुलीचा हक्क जन्मापासून मुलांइतकाच, 2005 च्या दुरुस्तीने दिलेला आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेही पक्का केलेला. लग्नाच्या खर्चाने तो फिटत नाही. आणि हो, 7/12 वर तुमच्या बहिणींची नावं अजून असतील, रजिस्टर हक्कसोडपत्र झालं नसेल, तर आधी ते मिटवा, मुलांचं नंतर.

बागेचे तीन तुकडे मात्र करू नका असं माझं मत. बोअर एकाच्या एकरात, रस्ता दुसऱ्याच्या, ऐन ऑक्टोबर छाटणीला पाण्याच्या पाळीवरून भांडणं. बाग मोठ्याला द्या पण फुकट नाही. मंडप, ड्रिप, फेडलेलं कर्ज हे त्याचं, जमीन त्याच्या आजोबांची. म्हणून बाग आणि फ्लॅटची किंमत एकाच वेळी काढून घ्या, त्याने घातलेलं वजा करा, उरलेल्याचा हिशोब तिघांत धरा, फ्लॅट काकूंनंतर धाकटा आणि मुलगी यांना, कमी पडेल ते एफडीतून किंवा मोठ्याने ठराविक मुदतीत रोख द्यावं असं लिहा. उरलेलं कर्ज कोणाच्या अंगावर तेही लिहा, हे हमखास राहतं. हा हिशोब तिघांना समोर बसवून आत्ताच सांगा, रुसवेफुगवे होतील पण तुम्ही असताना झालेले परवडतात.

कागद साधा चालतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, तुम्ही त्यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर, ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार घेऊ नका, वय बघता डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण दुय्यम निबंधकाकडे करून टाका, नंतर मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं तेच खरं. फ्लॅटच्या सोसायटीत नॉमिनी धाकटा असेल तर त्याला हेही सांगा की नॉमिनी म्हणजे मालक नाही.