पीआर कार्ड (कॅनडाच्या स्थायी रहिवाशाचे ओळखपत्र) वैध आहे, पण कॅनडात राहण्याचे सक्तीचे दिवस भरलेले नाहीत. कॅनडात परत जाता येईल का?

आपण 1 जून 2021 रोजी कॅनडात उतरलात, 425 दिवस राहून वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला परतलात आणि आता 1 मार्च 2026 रोजी पुन्हा जाऊ इच्छिता. कार्ड ऑगस्टपर्यंत वैध आहे, तेव्हा विमानतळावर अडवतील का, असा आपला प्रश्न आहे. कार्डामुळे विमानात बसू देतील, पण कार्डाचे काम तेवढेच. उतरल्यावर अधिकारी दिवस मोजू शकतो.

कॅनडाच्या कायद्यानुसार स्थायी रहिवाशाला दर पाच वर्षांच्या काळात किमान 730 दिवस कॅनडात राहून भरावे लागतात. पहिली पाच वर्षे पूर्ण झाली नसतील, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हा आकडा गाठणे शक्य आहे का, एवढेच पाहतात. आपल्याला मेअखेरपर्यंत 92 दिवस मिळतील, म्हणजे बेरीज 517 होईल आणि 213 दिवस कमी पडतील.

येथे बहुतेकांची गल्लत होते. आणखी 213 दिवस राहिले की झाले, असे वाटते. पण 1 जूनपासून हिशेब त्या त्या दिवसाच्या मागील पाच वर्षांचा होतो. आपले जुने 425 दिवस नेमके त्या काळाच्या सुरुवातीला असल्यामुळे रोज एक नवा दिवस जमा होईल आणि रोज एक जुना दिवस गळून पडेल. जुलै 2027 संपत येईपर्यंत आकडा 517 वरून हलणारच नाही, आणि 730 गाठायला 28 फेब्रुवारी 2028 उजाडेल. थोडक्यात, आज गेलात तरी सलग दोन वर्षे राहावे लागेल. जुन्या मुक्कामाचा या हिशेबात काहीही उपयोग नाही. (कॅनडाच्या नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत परदेशात काढलेले दिवस मात्र धरले जातात. आपल्याला ते लागू असेल, तर सारे गणितच बदलते.)

दिवस कमी आहेत म्हणून दारातून परत पाठवत नाहीत. दर्जा कायम असेपर्यंत स्थायी रहिवाशाला प्रवेशाचा हक्क आहे. अधिकारी फार तर अहवाल लिहितो, त्यावरून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो आणि त्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत दर्जा शाबूत राहतो, मात्र अहवालानंतर काढलेले दिवस सहसा मोजत नाहीत. म्हणून अपिलात भर मानवीय कारणांवर द्यावा लागतो: का गेलात, परतण्याची पहिली संधी कधी मिळाली, तिथे आपले काय आहे, मुलांच्या हिताचे काय.

मी स्वतः आईच्या आजारपणानंतर टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरलो तेव्हा माझे 118 दिवस कमी होते. मला सेकंडरीत, म्हणजे जास्तीच्या चौकशीच्या कक्षात, बसवले. तिथल्या बाईंनी पासपोर्टावरचे भारतातील शिक्के एकेक करून उलगडले, कागदावर पेनाने तारखा मांडल्या आणि माझ्या बेरजेत तीन दिवसांची चूक काढली. मी रुग्णालयाचे डिस्चार्जचे कागद पुढे केले. त्यांनी ते खरोखरच वाचले आणि अहवाल न लिहिता मला जाऊ दिले. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईल असे मी म्हणणार नाही, पण आपली बेरीज आणि वडिलांचे कागद हाताच्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. तारखा फिरवून सांगण्याच्या फंदात मात्र पडू नका; खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते.

जायचेच असेल, तर कार्डाची मुदत संपण्यापूर्वी जा. ती संपल्यावर विमानात बसण्यासाठी परदेशातूनच वेगळ्या प्रवासपत्राचा अर्ज करावा लागतो आणि तेथेही तेच दिवस मोजतात. अर्ज नाकारला गेला आणि 60 दिवसांत अपील केले नाही, तर दर्जाच जातो.

तिथे पोहोचल्यावर 730 दिवस भरेपर्यंत कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज करू नका, कारण त्या अर्जासोबत दिवसांची तपासणी आपण होऊन ओढवून घेतल्यासारखे होते. कार्ड मध्येच संपले तरी दर्जा जात नाही. अडचण एवढीच, की तोवर भारतवारीचा बेत करता येत नाही; वडिलांची पुढची सोय काय, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागेल.