फुलं वर, आपण खाली : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांत एकच धोशा होता: मुंबईतला वसंत दिसतो, पण फोटोत येत नाही. बहुतेकांकडे फोनच आहे, तेव्हा उत्तरंही फोन गृहीत धरून दिली आहेत. कॅमेऱ्याचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं म्हटलंय.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगसमोर काटेसावर आहे. झाडावर पान नाही, नुसती फुलं. पण फोटोत फूल म्हणजे लाल लगदा आणि मागचं आभाळ पांढरंफटक. नवा फोन घ्यावा का? (मुलुंड)

नको. दोष फोनचा थोडा, लाल रंगाचा जास्त. सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजला जातो. उन्हातल्या काटेसावरीवर लालचं माप काठोकाठ भरतं आणि बाकीची दोन जवळजवळ रिकामी राहतात. फोन साधारण सरासरी बघतो, त्याला उजेड कमी वाटतो आणि तो फोटो आणखी उजळ करतो. लाल एकदा ओसंडला की शीर काय, पाकळी काय, दोन्ही सारख्याच लाल. मग रेघ दिसणार कुठून?

फुलावर बोट दाबून धरा. फोकस लॉक झाला की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. फोन आकडा दाखवत असेल तर उणे ०.७ ते उणे १ पुरे. स्क्रीनवर फूल जरा काळपट वाटलं पाहिजे. पाकळीवरच्या बारीक उभ्या रेघा दिसू लागल्या की थांबा. रंग भडक करणारा फिल्टर चालू असेल तर बंद करा. नंतर एडिट करताना सावल्या उजळल्या तरी चालतील, सॅच्युरेशनला (रंगाच्या भडकपणाला) मात्र हात लावू नका.

आता आभाळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईवर धुरकट पडदा असतो, त्यामुळे खालून वर बघितलं की मागे पांढरंच येणार. त्यातून आपला वसंत कुंडीत किंवा वाफ्यात नसतो. काटेसावर, पळस, पांगारा सगळे फुलतात ते शेंड्याला, तीस-चाळीस फुटांवर. तेव्हा आपण वर जायचं. तिसऱ्या-चौथ्या मजल्याची जिन्यातली खिडकी, स्टेशनचा ब्रिज, स्कायवॉक या तीन जागांइतकी चांगली बाग शहरात दुसरी नाही. फुलामागे आभाळाऐवजी शेजारच्या बिल्डिंगची पावसाने काळवंडलेली भिंत येईल असं उभं राहा. त्या मळकट करड्यावर लाल जसा उठतो तसा निळ्या आभाळावरही उठत नाही. झूम करायचा तर फोनला खरोखर असलेल्या लेन्सच्या टप्प्यावरच (२ पट, ३ पट, जो असेल तो). मधलं आणि त्यापुढचं बरंचसं नुसतं कापून मोठं केलेलं असतं.

वेळ सकाळी सव्वासात ते पावणेनऊ. ऊन तिरपं असतं आणि फांद्या हलत नाहीत. दुपारी समुद्रावरचा वारा सुरू झाला की शेंडे डोलतात आणि दहातले आठ फोटो हलतात. याच वेळी कावळे, साळुंक्या, पोपट, भोरड्या मधासाठी फुलांवर तुटून पडलेल्या असतात. शटरचं बटण दाबून किंवा सरकवून एकामागोमाग फोटो घ्या (पद्धत फोनगणिक वेगळी) आणि त्यातला एक ठेवा.

वर जाणं जमत नसेल तर झाडाखाली बघा. काटेसावरीचं फूल पाकळी-पाकळीने गळत नाही, अख्खं पडतं, तेही धप्पकन. ताजं उचला, खिडकीजवळ कागदावर ठेवा, ऊन थेट नको. फोनला मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) असेल तर तीन-चार सेंटिमीटरवरून मधल्या पुंकेसरांचा झुबका आणि त्यांची काळसर टोकं स्वच्छ येतात. इथे पोर्ट्रेट मोड लावू नका. मागचं धूसर करताना तो सॉफ्टवेअरने कडा कापतो आणि केसाएवढे पुंकेसर त्याला हमखास समजत नाहीत.

प्रश्न : दोन लहान मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई यांना घेऊन अर्ध्या दिवसात कुठे जावं? राणीची बाग की नॅशनल पार्क? (कांदिवली)

तुमच्यासाठी नॅशनल पार्क. राणीच्या बागेसाठी दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरावं लागेल, आणि दादरचा पूल सासूबाईंच्या गुडघ्यांना परवडणार नाही. बोरिवली पूर्वेहून रिक्षाने गेट गाठा. सोमवारी पार्क बंद असतं. साडेसातला आत असाल तर साडेदहाला, ऊन चटका देऊ लागायच्या आत, बाहेर पडता येईल.

मार्चमध्ये कुसुंबाचं झाड चुकवू नका. कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात. पालवी पातळ असते. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मधे ठेवा म्हणजे पानं दिव्यासारखी पेटतात. मुलांचे फोटो मात्र खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. उभ्याने काढले तर नुसते भांग दिसतात. खाऊ बंद पिशवीत ठेवा, हातात नको. माकडं पिशवीच्या आवाजानेही येतात. पाणी माणशी एक लिटर धरा.

राणीची बाग वेगळ्या दिवशी करा, बुधवार सोडून. ती उशिरा उघडते, पण जुन्या झाडांची सावली इतकी दाट आहे की अकरा वाजताही उजेड मऊ असतो. तिथली उर्वशी, फुलांचं झाड, बघाच. मूळची ब्रह्मदेशातली, लांब देठांवर उलटे लोंबणारे लाल-पिवळे घोस. ते खाली आलेले असल्याने फोनलाही सापडतात.

प्रश्न : शिवडीला फ्लेमिंगो बघायला दोनदा गेलो. एकदा लांबवर चिखल आणि क्षितिजावर गुलाबी रेघ, दुसऱ्यांदा पाणी काठाला आणि पक्षीच नाहीत. घरी ८×४२ ची दुर्बीण आहे, फोनला तिचा उपयोग होईल का? (परळ)

पहिल्यांदा तुम्ही ओहोटीत गेलात, दुसऱ्यांदा पूर्ण भरतीत. पक्षी चिखलात चरतात. ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो, म्हणून तेही लांब पांगतात. पाणी चढू लागलं की त्याच्या पुढे-पुढे सरकत काठाकडे येतात. आणि चिखल बुडाला की उडून जातात. म्हणून पूर्ण भरतीच्या अडीच ते दोन तास आधी तिथे असायचं.

भरतीचा अंदाज किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून बांधतात: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पण दिवस निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आमची शिफारस सप्तमी ते नवमी, दुपारी साडेतीन-चार. भांगाचे (लहान भरतीचे) दिवस असल्याने पाणी उधाणासारखं धावत येत नाही. शिवाय शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि गुलाबी रंग खराखुरा दिसतो. सकाळी तोच सूर्य समोर असतो, मग नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. अटल सेतूचे खांब फ्रेममध्ये येतात. ते टाळायला धडपडण्यापेक्षा घ्यावेत, पक्षी केवढा आहे ते कळतं.

दुर्बिणीचा उपयोग होतो. एका नळीच्या डोळ्याकडच्या काचेभोवतीचं रबर बाहेर ओढा (काढून टाकू नका) आणि फोनची मुख्य लेन्स त्या रबरावर बरोबर मधोमध टेकवा. काचेपासून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर गोल चित्र दिसेल, भोवती काळं कडं. फोनवर २ पट झूम केला की कडं जातं. कोपरं कठड्यावर टेका आणि ३ सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेसुद्धा चित्र हलतं. घरी खिडकीतून समोरच्या टाकीवरचा कावळा धरायचा दहा मिनिटं सराव करा. तिथे जाऊन पहिल्यांदा करायला गेलात तर भरती संपेल. दूरचे पक्षी तापलेल्या हवेत वितळल्यासारखे थरथरतात, त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटर लेन्स, उडत्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान.

लहान चणीचा, गडद गुलाबी, चोच काळपट लाल, तो धाकटा रोहित (फ्लेमिंगो). उंच, पांढुरका, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं, तो मोठा. चिखलात पाऊल टाकू नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

ऐरोलीहून ठाणे खाडीच्या अभयारण्यात बोट जाते. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं. फेऱ्या भरतीप्रमाणे ठरतात, आधी बुकिंग करा. बोटीच्या कठड्यावर मात्र कोपरं टेकू नका. इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते.

प्रश्न : एसी लोकलमधून उतरून फोटो काढला की सगळं धुक्यातलं येतं. (वसई)

थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी जमतं. फोन पाच-सात मिनिटांत निवळतो. पुसत बसलात तर पुन्हा जमेल. कॅमेरा उतरण्याआधीच झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर १५-२० मिनिटं तसाच राहू द्या.

प्रश्न : गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत फोटो काढले. फेट्याखाली चेहरे काळे, नथीच्या जागी पांढरा ठिपका. काय चुकलं? (गोरेगाव)

वेळ आणि जागा. पाडव्याच्या सुमाराला साडेदहाला सूर्य पन्नास अंशांवर चढलेला असतो. फेट्याची सावली थेट डोळ्यांवर पडते. (मुंबईत तेव्हा सूर्य सर्वांत वर असतो तो बाराला नव्हे, पावणेएकला. त्यामुळे ‘बारा वाजून गेले, आता उतरेल’ हा हिशेब चुकतो.) शक्य तेवढं नऊच्या आत काढा. त्यानंतर गिरगावच्या गल्ल्या वापरा. चाळीची सावली रस्त्यावर जिथे संपते, त्या रेषेच्या दोन पावलं आत माणसाला उभं करा, तोंड उन्हातल्या रस्त्याकडे. तापलेला रस्ताच चेहऱ्यावर उजेड टाकतो आणि फेट्याखालचे डोळे दिसतात. बोट चेहऱ्यावर टेकवून उजेड किंचित उतरवा, म्हणजे नथीतले मोती मोजता येतील. आणि आधी विचारा: “ताई, एक फोटो काढू का?” न विचारता काढलेल्या फोटोत कपाळावरची आठी येतेच.

गुढीलाही काटेसावरीचाच नियम. खालून काढलात तर आभाळ पांढरं, कलश काळा. समोरच्या चाळीच्या जिन्यातून काढा, गाठी आणि कडुनिंबाचा डहाळा सरळ रेषेत येतो.

प्रश्न : सोसायटीच्या कॅलेंडरसाठी सभासदांनी पाठवलेले फोटो छापल्यावर फुटले. (चेंबूर)

ते व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आले असणार. तिथे फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२×१८ इंची पानावर म्हणजे इंचाला ८९ ठिपके. निदान २०० हवेत. फोनचा मूळ ४०००×३००० चा फोटो तेवढ्याला पुरतो. सगळ्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोनचा फोटो ४:३, कागद ३:२, त्यामुळे आडव्या फोटोत वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापला जातो. डोक्यावर जागा सोडलेलेच फोटो निवडा. आणि एखादा फ्रेम करून जिन्यात लावणार असाल तर मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला. काचेला टेकलेला प्रिंट जुलैच्या दमट हवेत चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवरच राहतो.