पाळी बदलली की प्रार्थना चुकते

प्रश्न : मी नर्स आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. पहाटे पाचची प्रार्थना चार दिवस जमते, मग रात्रपाळी लागली की सगळं मोडतं. काय करू?

उत्तर : ताई, पाचचा हट्ट सोडा. बायबलमध्ये मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जातो, पण लूक 6:12 मध्ये तो अख्खी रात्र प्रार्थनेत घालवतो. रात्रपाळी त्यालाही ठाऊक होती!

मी एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामाच्या गाडीला घड्याळाचा कसला भरवसा? म्हणून प्रार्थना मी वेळेला नाही, कामाला बांधली. तिकिटांची पेटी उघडण्याआधी झाकणावर हात ठेवून, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची. झाकणाच्या आत स्तोत्र 121 ची चिठ्ठी चिकटवलेली. आठच वचनं, आणि शेवटच्यात जाण्यायेण्याचं रक्षण. कंडक्टरला आणखी काय हवं? तुम्ही गणवेशाला बिल्ला लावताना थांबा.

कधी 'आमेन'च्या आधीच डुलकी लागायची. जाग आली की उरलेलं म्हणायचो.

आणि हो, चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. मी केली होती. तिसऱ्या दिवशी देवाला सावकारासारखा टाळायला लागलो.