‘बरोक’ : वेड्यावाकड्या मोत्यापासून इगर्जीपर्यंत

प्रश्न असा आहे : जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चला, म्हणजे इगर्जीला, ‘बरोक’ या युरोपीय कलाशैलीचं म्हणतात. हा शब्द आला कुठून आणि मराठीत त्याऐवजी ‘अतिअलंकृत’ लिहिलं तर चालेल का?

‘बरोक’ आपण इंग्रजीतून घेतला, इंग्रजीने फ्रेंचमधून. त्याच्या मागे बहुतेक अभ्यासकांना पोर्तुगीज ‘बर्रोकु’ दिसतो. बर्रोकु म्हणजे गोल न झालेला, वेडावाकडा मोती. तर्कशास्त्रातल्या ‘बारोको’ या अनुमानप्रकाराशीही काही जण नातं जोडतात, पण मला मोत्याचीच वाट पटते. आणि त्या वाटेवर गोवा लागतं! गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात बेढब, गोल नसलेल्या, ‘मेलेल्या पाण्याच्या’ मोत्यांसाठी हाच शब्द आहे. पाणीदार मोती म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे मेलेलं पाणी समजावून सांगावं लागत नाही.

त्या वेळी बॉम जीझस उभंही नव्हतं. पाया घातला गेला १५९४ मध्ये, चर्च पवित्र केलं गेलं १६०५ मध्ये. तेव्हा त्याला बरोक म्हणणारं कोणी नव्हतं. फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशातही हे विशेषण फक्त मोत्यांपुरतं आहे. ‘विचित्र, विक्षिप्त’ हा अर्थ १७४० च्या आवृत्तीत येतो. पुढे वास्तुकलेच्या संदर्भात तो शब्द नाक मुरडूनच वापरला गेला. १८८८ मध्ये व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने या शैलीचा स्वतंत्रपणे, गांभीर्याने विचार केला आणि शब्दातली हेटाळणी हळूहळू विरली.

म्हणूनच ‘अतिअलंकृत’ मला नको वाटतो. त्यातला ‘अति’ जुनी हेटाळणी परत आणतो. शिवाय नुसती सजावट म्हणजे बरोक नव्हे. बॉम जीझसच्या समोर उभे राहा : गिलावा नसलेला तांबूस जांभा, मजल्यावर मजला, खांबांच्या शिस्तशीर रांगा. हा दर्शनी भाग बराचसा आधीच्या, रेनेसान्सच्या म्हणजे प्रबोधनकाळाच्या वळणाचा आहे. खरं बरोक आत गेल्यावर भेटतं. सोन्याने मढवलेल्या मुख्य वेदीवर जेझुइट पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस उभे आहेत, आणि त्यांची नजर वर, सूर्यासारख्या तेजोमंडलातल्या येशूनामाच्या अक्षरांकडे लागलेली. आपलीही मान आपोआप वर जाते. पाहणाऱ्याला असं ओढून घेणं हा या शैलीचा जीव आहे, आणि तो ‘अलंकृत’मध्ये मावत नाही.

उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची, गोंयच्या सायबाची, समाधी आहे. चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांच्या हातची. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीचा राज्यकर्ता कोझिमो तिसरा याने दिलेला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवलेला. तो १६९८ मध्ये इथे बसवला गेला.

तेव्हा सरळ ‘बरोक’ लिहावं. विशेषण म्हणून तो बदलत नाही : बरोक चर्च, बरोक वेदी, बरोक शिल्पं. पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून थेट घेतले, तसाच हा आडवाटेने आलेला त्यांचा भाऊबंद. उच्चार ‘बारोक’ केला तरी चालेल. ‘बॅरोक’ मात्र कानाला खटकतो, कारण तो ना पोर्तुगीज, ना फ्रेंच.