‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’

‘शिकवण्या घेतल्या तर चार पैसे सुटतील हो, पण या वयात लोकांकडे फी मागायची कशी?’ नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष-दोन वर्षं झाली की हा प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात. शिकवायला त्यांना जमतं. अडतं ते आकडा सांगताना.

लालबागचे एक काका असेच आले होते. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये हयात गेली. ईपीएफचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं, पेन्शन पाच हजारांच्या आत. पगार कितीही असला तरी पेन्शनच्या हिशेबात तो सहसा १५,००० रुपयांपर्यंतच धरतात, हे बऱ्याच जणांना निवृत्तीच्या वेळीच कळतं. फंडाचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेले; त्याचे दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये. चाळीचा टॉवर झाला, लिफ्ट आली, पाठोपाठ मेंटेनन्स आला. मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी चढता. मुलगा बदलापूरला, त्याचं स्वतःचंच कर्ज चालू. त्याच्यापुढे हात पसरायचा नव्हता.

शेजारच्या मुलाला त्यांनी बी.कॉम.चं अकाउंट्स शिकवलं होतं. फीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.’ मे महिन्यात आंब्याची पेटी आली.

‘आंबे चांगले होते,’ काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

मुळात त्यांना वाटत होतं की आपण काही मास्तर नाही. बी.एड. नाही, फळ्यासमोर कधी उभे राहिलो नाही. मी टेबलावरचं माझ्याच प्रिंटरचं बिल त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी एकूण रकमेवर चष्म्याचं घर ठेवलं. ‘आधी जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे? २७. म्हणजे दुकानदार महाराष्ट्रातला. २४ असते तर गुजरातचा, मग इथे केंद्र-राज्याच्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी परराज्यातल्या खरेदीचा आयजीएसटी लागला असता. आता तुम्ही बेरीज करा, मी घर उचलत नाही.’ बेरीज चुकली तेव्हा रागावले नाहीत, फक्त कोणती ओळ सुटली त्यावर बोट ठेवलं. आवाजही बदलला होता. आल्यापासून पुटपुटणारा माणूस चक्क मला कामाला लावत होता.

मग दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा काकांचा बेत बाजूला पडला. गल्लोगल्ली क्लास आहेत, तिथे यांचा निभाव कशाला लागावा? पण दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न) आली की धास्तावणारे छोटे दुकानदार, त्यांच्याकडे कामाला लागलेली मुलं-मुली, यांना बिल कसं नोंदवायचं ते शेजारी बसून दाखवणारा माणूस हवा असतो. रिटर्न भरून देणारे पुष्कळ मिळतात, समजावून सांगणारा मिळत नाही.

फी मागायची लाज कुठून आली, यावर आम्ही बराच वेळ घालवला. माझं मत असं, की पगारदार माणसाला आयुष्यात स्वतःची किंमत तोंडाने सांगावीच लागत नाही. पगार ठरतो, खात्यात येतो. त्यामुळे मी त्यांना माझ्यासमोर वाक्य म्हणायला लावलं: ‘महिन्याचे बाराशे, आठवड्यातून एकदा, फी आगाऊ.’ पहिल्यांदा ‘बाराशे’नंतर ‘पण तुम्ही बघा’ आलंच. दोन-तीनदा म्हणून घेतल्यावर ते गळलं. त्यापुढे गप्प राहायचं, समोरच्याला बोलू द्यायचं, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

एका बैठकीला काकूंना बोलावलं. मला वाटलं त्या पैशांबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं घर माझं होतं. आता हॉलमध्ये परकी मुलं, दाराशी चपलांचा ढीग, आणि मी दुपारी लवंडायचं कुठे?’ रास्त होतं. बैठकीत ठरलं ते असं: वर्ग सोमवारीच, कारण दादरची बरीचशी दुकानं त्या दिवशी बंद असतात, दुपारी चारनंतर, एका वेळी चारच जण, चहा कोणालाही नाही.

एकाने मध्येच ‘ऑनलाइन कोर्स बनवून देतो’ म्हणत मोठी रक्कम मागितली होती. ठेव मोडून असल्या कशात पैसे घालायचे नाहीत, एवढं मी बजावलं. करांचं मी काय सांगणार? कमाई रिटर्नमध्ये दाखवायची, आणि जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या पुढे, हे त्यांनीच मला सांगितलं.

सोमवारचा वर्ग आता भरलेला असतो, मेंटेनन्स निघून वर थोडं उरतं. फी काका न अडखळता सांगतात. थकलेली मागायला मात्र अजून जीभ रेटत नाही. ते खातं काकूंनी स्वतःकडे घेतलंय आणि त्यांच्याकडे उधारी फार दिवस टिकत नाही.