छापखान्याची चूक, ग्रेडवर किती परिणाम?

प्रश्न: माझ्या कॉमिकचं कव्हर तिरकं बसलंय, मागची पांढरी पट्टी पुढे दिसते. एक पिनही नाही. सीजीसीकडे (कॉमिकची अवस्था तपासून ग्रेड देणारी कंपनी) पाठवू का?

उत्तर: आधी पिनेची जागा भिंगातून पाहा. कण्याला, म्हणजे पिना बसतात त्या कडेला, भोकंच नसतील तर पिन कारखान्यातच हुकली. भोकं किंवा गंजाचा डाग असेल तर ती नंतर निघाली, आणि तो सरळसरळ दोष. तिरकं कव्हर ग्रेडच्या ०.५ ते १० च्या मापात सहसा कण्यावर पडलेल्या घडीइतकं महाग पडत नाही, पण डोळ्यात खुपतं, ग्राहक भाव पाडतो. पट्टी झाकायला कडा कापू नका! कापलेली कड ‘रिस्टोर्ड’ (नंतर दुरुस्ती केलेलं) धरतात, त्याचं जांभळं लेबल लागतं. पिन नाही, तेव्हा एखादं पान निसटलं नाही ना, हे मात्र मोजून पाहाच. ग्रेडिंगची फी त्यानंतर भरा.